आहुजाचा टॉवेल

१९५९ सालचा दसरा मुंबईने एका खटल्याच्या गप्पांत काढला. सत्र न्यायालयात खुनाची सुनावणी चालू होती आणि बाहेर रस्त्यावर फेरीवाले टॉवेल विकत होते. 'आहुजा टॉवेल' म्हणून. सोबत पोरांसाठी खेळण्यातलं 'नानावटी रिव्हॉल्व्हर'. ज्याच्या नावाने टॉवेल खपत होता तो प्रेम आहुजा मरून सहा महिनेही झाले नव्हते. स्वतःच्या घरात, अंगावर तेवढाच एक टॉवेल असताना, तीन गोळ्या लागून तो मेला होता.

नानावटी केस मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिच्यावर सिनेमे निघाले, नाटकं झाली, पुस्तकं आली, मालिका आली. तरी मोठमोठ्या वकिलांची नावं विसरायला होतात आणि हा फुटपाथवरचा टॉवेल मनातून जात नाही. माणसं खटला बघायला एवढी गर्दी करतात, तेव्हा तिथून नेमकं काय घरी घेऊन जातात, या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला त्या टॉवेलात दिसतं.

गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, तरी तिचे तपशील परत एकदा बघण्यासारखे आहेत. कावस माणेकशॉ नानावटी भारतीय नौदलात कमांडर होते, 'आयएनएस म्हैसूर'वरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. पत्नी सिल्व्हिया मूळची इंग्लंडची. १९४९ मध्ये पोर्टस्मथला लग्न झालं, तीन मुलं झाली. नवरा महिनोन्‌महिने समुद्रावर. १९५६ च्या सुमारास ओळखीच्या एका कुटुंबामार्फत मोटारींचा धंदा करणाऱ्या प्रेम आहुजाशी त्यांचा परिचय झाला आणि पुढे सिल्व्हिया त्याच्यात गुंतली. २७ एप्रिल १९५९ च्या सकाळी नवरा-बायको आजारी कुत्र्याला घेऊन परळला गेले. परतीच्या वाटेवर मेट्रो सिनेमागृहातल्या दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. जेवण झाल्यावर सिल्व्हियाने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रोवर सोडलं, बोटीवर गेले, रात्री एकट्याने मोटार चालवत अहमदनगरला जायचं आहे असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. आधी आहुजाच्या कचेरीत डोकावले. तो तिथे नव्हता, म्हणून मलबार हिलला सेटलवाड रोडवरच्या 'जीवनज्योत' इमारतीत त्याच्या घरी गेले. तो नुकताच अंघोळ करून आला होता. थोड्याच वेळात तीन गोळ्या झाडल्या गेल्या. तिथून नानावटी नौदलाच्या अधिकाऱ्याकडे आणि मग पोलिसांकडे स्वतः हजर झाले.

आजारी कुत्रं, सिनेमाची तिकिटं, अहमदनगरचं खोटं कारण. एवढा साधा दिवस होता तो. कुठल्याही घरात असा दिवस उजाडू शकतो असं वाटतं, आणि मला वाटतं लोकांची नजर पहिल्यांदा इथेच अडकते. आपल्याला खुनात फार रस नसतो. दुपारी घरी जेवायला बसलेला माणूस साडेचारच्या आत खुनी कसा होतो, हे मात्र जाणून घ्यायचं असतं. या कुतूहलाला मी वाईट म्हणणार नाही. ते माणसाला माणसाबद्दल असायलाच हवं.

आता टॉवेलाकडे. बचाव पक्षाचं म्हणणं असं की नानावटींना खून करायचाच नव्हता. 'तू सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळणार आहेस का?' एवढं विचारायला ते गेले. आहुजाने उद्धट उत्तर दिलं, रिव्हॉल्व्हर असलेल्या पाकिटावर त्याने झडप घातली, झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. फिर्यादी पक्षाने दाखवून दिलं की प्रेत सापडलं तेव्हा टॉवेल कमरेला जसाच्या तसा होता. सुटला नव्हता, ढिला झाला नव्हता. दोन धडधाकट पुरुषांची रिव्हॉल्व्हरसाठी झटापट होते, त्यात तीन गोळ्या सुटतात आणि एकाच्या कमरेचा टॉवेल जागचा हलतसुद्धा नाही, हे पटण्यासारखं आहे का? सगळ्या मुद्देमालात याच्याइतकी बोलकी वस्तू दुसरी नव्हती. मेलेल्या माणसाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगता येत नाही की झटापट झाली नाही. त्याच्या वतीने तो टॉवेल सांगत होता.

आणि तोच टॉवेल रस्त्यावर हसण्यासाठी विकला गेला. कोर्टातल्या माणसांना जे दिसत होतं तेच बाहेरच्यांनाही दिसत होतं. पण बाहेर त्याचा अर्थ एवढाच उरला की पकडला गेला तेव्हा हा गडी टॉवेलवर होता. खुनाचा पुरावा मेलेल्याच्याच बदनामीचा पुरावा झाला. मला याचा राग येतो, साठ-पासष्ट वर्षांनंतरही येतो.

ही गर्दी आपोआप जमली नव्हती. रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने उघडपणे नानावटींची बाजू घेतली. सद्गुणी नौदल अधिकारी, फसवली गेलेली पत्नी, श्रीमंत छंदीफंदी मित्र अशी तीन पात्रं त्यांनी आठवड्यामागून आठवडे रंगवली. पंचवीस पैशांचा अंक त्या काळात दोन रुपयांना विकला गेला, असं सांगतात. नानावटी पांढऱ्या गणवेशात, पदकं लावून कोर्टात येत. बायका त्यांना बघायला यायच्या, कुणी नोटांचा वर्षाव केल्याच्याही कथा आहेत. सिल्व्हियाने आहुजाला लिहिलेली पत्रं कोर्टात वाचली गेली आणि शहरभर छापली गेली. परक्या मुलखात आलेल्या त्या बाईला नवऱ्याच्या बचावासाठी पिंजऱ्यात उभं राहून, गच्च भरलेल्या कोर्टापुढे आपल्या व्यभिचाराची कबुली द्यावी लागली. तिच्या त्या तासांबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आहुजा सिंधी होता. फाळणी होऊन बाराच वर्षं झाली होती आणि मुंबईत सिंधी माणूस अजून नवा, उपरा, पैशांच्या मागे लागलेला समजला जात होता. नानावटी पारशी. या शहराच्या बांधणीत पारश्यांचा हात, नौदलात वजन, दिल्लीपर्यंत ओळखी. लंडनला असताना ते कृष्ण मेनन यांच्या हाताखाली होते आणि खटल्याच्या वेळी मेनन संरक्षणमंत्री होते. पुढे उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली. त्या निर्णयाच्या पाठिंब्यासाठी कावसजी जहांगीर हॉलमध्ये सभा झाली तेव्हा हॉल भरून माणसं बाहेर उभी होती.

माझी आजी तेव्हा गिरगावात फणसवाडीत राहायची. चाळीत एक पेपर यायचा आणि दुपारी कुणीतरी तो मोठ्याने वाचायचं, बायका धान्य निवडत ऐकायच्या. नानावटीच्या गोष्टी ती रंगून सांगायची आणि दर वेळी मुलांपाशी येऊन थांबायची. 'त्या तीन लेकरांचं काय झालं असेल गं?' मी एकदा विचारलं, 'आणि आहुजाचं कोण होतं?' ती म्हणाली, 'असेल कुणीतरी. सिंधी होता ना तो.' माझी आजी कठोर बाई नव्हती. चाळीत कुणाच्याही मयताला पहिली जाणारी ती होती. तिच्यापर्यंत जी गोष्ट पोचली तीत आहुजाला घरदारच नव्हतं. खरं तर मामी नावाची त्याची बहीण त्याच घरात राहत होती, गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा ती घरातच होती, आणि कोर्टात तिच्या वतीने राम जेठमलानी नावाचा एक तरुण वकील लक्ष ठेवून होता.

खटला ज्युरीपुढे, म्हणजे शपथ घालून बसवलेल्या सामान्य नागरिकांपुढे चालला. नऊ जणांपैकी आठ जणांनी २१ ऑक्टोबर १९५९ ला 'निर्दोष' असा कौल दिला. न्यायाधीश रतिलाल मेहतांनी तो स्वीकारला नाही. कुठल्याही समंजस माणसांचा या पुराव्यावर असा कौल येऊच शकत नाही, असं म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे ११ मार्च १९६० ला जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये जवळजवळ तीन तास गेले होते, डोकं ताळ्यावर यायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलं. या मधल्या काळात मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला होता. त्यामुळे एकाच माणसाच्या खटल्याचं एक निकालपत्र 'विरुद्ध मुंबई राज्य' म्हणून नोंदलं गेलं आणि दुसरं 'विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून.

या खटल्यामुळे भारतातली ज्युरी गेली, असं आपण सहज म्हणून जातो. पूर्ण खरं नाही ते. विधी आयोगाने १९५८ मध्येच ज्युरी बंद करायची शिफारस केली होती, आणि देशाच्या काही भागांत ती १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेपर्यंत टिकली. नऊ भाबडी माणसं वर्तमानपत्र वाचून वाहवत गेली, ही गोष्टही अर्धीच आहे. उच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा त्यात ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातल्या चुकाही नोंदवल्या होत्या. अपघात झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कुणाची, यासारखे कळीचे मुद्दे ज्युरीला नीट समजावून दिलेच गेले नव्हते. पण 'ज्युरी भुलली' ही गोष्ट ऐकायला सोपी आहे, म्हणून तीच टिकली.

मराठी माणसाला ज्युरी आठवते ती दुसऱ्या एका खटल्यामुळे. १९०८ मध्ये याच मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. तिथेही नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा कौल आला. दोषी. सहा वर्षं मंडाले. न्यायमूर्ती दावर यांनीच अकरा वर्षांपूर्वी वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. तेव्हाही बाहेर गर्दी होती, गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. तिथली गर्दी ज्युरीच्या विरुद्ध होती आणि बरोबर होती. १९५९ ची गर्दी ज्युरीच्या बाजूने होती आणि चुकीची होती. म्हणून गर्दी म्हणजे अन्याय, असं सरसकट मला म्हणता येत नाही. फरक कुठेतरी दुसरीकडे आहे.

वारस दाखल्याच्या कामासाठी मी काही वर्षांपूर्वी एका जिल्हा न्यायालयात खेटे घालत होते. एका दुपारी माझ्या कामाला वेळ होता म्हणून शेजारच्या दालनात जाऊन बसले. खुनाचा खटला चालू होता. शेताच्या बांधावरून झालेला खून, असं हळूहळू कळत गेलं. पंच साक्षीदाराची उलटतपासणी चालली होती. पंचनाम्यावर सही कुठे केली, ठाण्यात की जागेवर? कुऱ्हाडीचं पाकीट तुमच्यासमोर सील केलं का? लघुलेखक प्रत्येक वाक्य टंकत होते, न्यायाधीश मधूनमधून उत्तराची भाषा नीट करत होते, पंखा फिरत होता. बघ्यांच्या बाकांवर माझ्याखेरीज एक म्हातारी होती. मेलेल्याची आई. तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण कुऱ्हाडीचं पाकीट उघडलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि शिपायाने तिला बसायला सांगितलं. माझ्या कामाची पुकार झाली म्हणून मी उठले. पुढे काय निकाल लागला ते मी कधी शोधलं नाही. हा खटलाही तितकाच माणसाचा होता. तिथे गणवेश नव्हता, मलबार हिल नव्हतं, इंग्रज बायको नव्हती, म्हणून तिथे कुणी नव्हतं.

मलबार हिलवरून आठवलं. १९२५ च्या जानेवारीत त्याच टेकडीवर अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याला मोटार अडवून गोळ्या घातल्या गेल्या. हल्लेखोरांना त्याच्या सोबतची मुमताज बेगम पळवून न्यायची होती. इंदूरच्या होळकर दरबारातून ती निसटून आली होती. तो खटलाही देशभर गाजला आणि त्याच्या धगीत पुढच्या वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. राजा, नर्तकी, पिस्तूल, मोटार. आज हा खटला ज्यांना आठवतो त्यांना बहुधा महाराजांचं नाव आठवतं. मेलेला बावला शीर्षकात उरला आहे.

आपल्या डोळ्यांदेखतचं उदाहरण मात्र अजमल कसाबच्या खटल्यातलं आहे, आणि ते मला टॉवेलाइतकंच छळतं. आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय भरत होतं. एके दिवशी राखीचा विषय निघाल्यावर कसाबच्या डोळ्यांत पाणी आलं, अशी बातमी पसरली. मग सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी पत्रकारांना सांगितलं की कसाबने मटण बिर्याणी मागितली. ती बिर्याणी पुढची कितीतरी वर्षं आपल्या घराघरांत शिजत होती. रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, निवडणुकीच्या सभांत मी ती ऐकली आहे. 'आपल्या पैशांनी बिर्याणी खातोय.' २०१५ मध्ये निकमांनी स्वतःच जाहीर सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्या बाजूने सहानुभूतीची लाट तयार होते आहे असं वाटल्यामुळे आपण ती गोष्ट रचली.

मी हे वाचून सुन्न झाले होते. कसाबविरुद्धचा पुरावा इतका भक्कम होता की त्याला बिर्याणीची गरज नव्हती. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरची छायाचित्रं होती, त्याला जिवंत पकडताना स्वतःच्या देहात गोळ्या झेलणाऱ्या तुकाराम ओंबळेंचं बलिदान होतं, शेकडो साक्षीदार होते. गोळी लागलेल्या पायाने, कुबड्या घेऊन एक लहान मुलगी साक्ष द्यायला आली होती. ते सगळं वर्तमानपत्रांत येत होतं. तरी गर्दीने उचलली ती बिर्याणी. आणि खोटं उघड झाल्यावरही ती गेली नाही. आजही विचारून बघा. दहा जणांतल्या कितीजणांना त्या मुलीची साक्ष आठवते आणि कितीजणांना बिर्याणी?

जे खटल्याला गर्दी करतात ते पुरावा ऐकायलाच येत नाहीत, असं मी म्हणणार नाही. येतात. पण पुरावा ऐकणं हे कंटाळवाणं, वेळखाऊ काम आहे आणि ज्युरीतल्या त्या नऊ जणांना निदान शपथ घालून ते करायला बसवलं होतं. आठवडेच्या आठवडे त्यांनी साक्षी ऐकल्या. त्यांची चूक झाली, पण ती दुरुस्त करायला वर न्यायालय होतं. आज दूरचित्रवाणीपुढे आणि मोबाइलवर बसून आपण कौल देतो तेव्हा शपथ कुणी घातलेली नसते आणि आपला कौल रद्द करायला वरचं कोर्टही नसतं. २०२० मध्ये एका तरुण नटाच्या मृत्यूनंतर मुंबईत काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. वाहिन्यांनी एका मुलीला तपास पूर्ण व्हायच्या आत गुन्हेगार ठरवून टाकलं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांच्या अशा समांतर खटल्याने न्यायदानात अडथळा येतो असं स्पष्ट म्हटलं. तोपर्यंत लोकांचा निकाल लागून गेला होता.

नानावटींना अखेर माफी मिळाली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी ती दिली आणि त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही दिली, म्हणजे दोन्ही समाज समाधानी. त्याआधी मामी आहुजाची संमती घेतली गेली, असं जेठमलानींनी पुढे सांगितलं. भावाला मारणाऱ्याला माफ करावं की नाही हे तिला विचारलं गेलं, याचं मला बरं वाटतं, आणि कुठल्या दबावाखाली तिने हो म्हटलं असेल, हाही विचार सुटत नाही. नानावटी कुटुंब १९६८ मध्ये कॅनडाला गेलं. नानावटी २००३ मध्ये तिथेच वारले.

आता ज्या गर्दीचा मला आदर वाटतो तिच्याबद्दल. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. सत्र न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा युक्तिवाद निकालात होता. निकाल लागला तेव्हा कुठे काही हललं नाही. वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. निकालपत्र समोर ठेवून ओळीओळीने विचारलं: शरण जाणं म्हणजे संमती का? रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, दार बंद, नातेवाईक बाहेर, अशा ठिकाणी चौदा-सोळा वर्षांच्या मुलीने आरडाओरडा करून कुणाला बोलवायचं होतं?

त्या पत्राच्या प्रती निघाल्या, हातोहात गेल्या. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत, पुण्यात, नागपुरात, दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या. माझी आई तेव्हा कॉलेजात होती आणि त्या पत्राची सायक्लोस्टाइल प्रत तिच्या मैत्रिणींत फिरली होती. संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात बसून त्यांनी ती मोठ्याने वाचली, इंग्रजी अडलं तिथे एकमेकींना विचारून. फणसवाडीत आजीच्या चाळीतही वाचन मोठ्यानेच व्हायचं. तिथे कुणीतरी आधीच रंगवून दिलेली पात्रं वाचली जात होती, आणि जिन्यात बसलेल्या मुली निकालातली वाक्यं वाचत होत्या.

सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल बदलला नाही आणि ते दोन पोलीस सुटलेच. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला. तिथे बाईने 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं तर संमती नव्हती असंच न्यायालयाने धरून चालायचं, असं ठरलं. बलात्कार झालेल्या बाईचं नाव छापायला बंदी आली, तीही त्याच दुरुस्तीत.